आज नवीन काय केलं

लोणावळ्यात रविवार हा सुट्टीचा वार नाही. निदान आमच्या पाळणाघरात तरी नाही. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं डोंगर बघायला येतात आणि त्यांच्या खोल्या झाडणाऱ्या, चादरी धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांची पोरं आमच्याकडे असतात. त्या दोन दिवसांत आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते. बायकांची सुट्टी कुणाची मंगळवारी, कुणाची बुधवारी, आणि हॉटेल भरलं की तीही रद्द. या पाळणाघरात मी सोळा वर्षं मावशी आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं सांभाळते. माझं तोंड फटकळ आहे असं आया मला तोंडावर सांगतात आणि तरी आपली पोरं माझ्याच हातात देतात, याचा मला गर्व होता. होता असंच लिहायला हवं.

मी कामाला लागले तेव्हा तिथं एक जुन्या मावशी होत्या. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं आमच्यासमोर पहिलं पाऊल टाकलं. मी आनंदानं तिच्या आईची वाट बघत दारात उभी राहिले. जुन्या मावशींनी माझा दंड धरून आत ओढलं.

"गप बस. आपल्या हितं मूल पयल्यांदा काईच करत न्हाई. पयलं पाऊल घरीच पडतं."

आईला काय सांगायचं, तेही त्यांनी शिकवलं. "आज पाय लय शिवशिवत्यात हिचे, घरी जरा ध्यान ठेव," एवढंच. मग आई एक-दोन दिवसांनी धावत येते, "मावशी, चालली, चालली!" आणि आपण गालावर हात ठेवून म्हणायचं, "अगं बाई, खरंच?"

सोळा वर्षांत मी किती वेळा "अगं बाई, खरंच?" म्हटलं असेल, देव जाणे. पहिला दात, पहिला शब्द, पहिलं पाऊल, सगळं आम्ही आधी पाहिलं आणि सगळं पोटात ठेवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करून आलेल्या बाईला तिच्या मुलाचं एवढं तरी कोरं मिळावं, असं आम्हाला वाटायचं. मला अजूनही तो नियम वाईट वाटत नाही. त्याच्यामुळे जे झालं ते झालं, तरीही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पुस्तक आलं. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांना पाळणाघरात कसं शिकवावं, याचं मार्गदर्शन. त्यासाठी वडगावला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची होती. लंगोट बदलताना बाळाशी बोला, म्हणाली. मी शेजारणीला कोपरानं ढोसलं, कारण आजवर आम्ही काय तोंडाला कुलूप लावून लंगोट बदलत होतो का? बाळाला पोटावर पालथं ठेवा, म्हणाली. चमचा त्याच्या हातात द्या, सांडू दे. हात धरून चालवू नका, त्याचं त्याला धरून उभं राहता येईल असं काहीतरी ठेंगणं ठेवा. मी हसत होते, पण परत आल्यावर आम्ही पाळणाघरात खिडकीखाली एक लांब ठेंगणा बाक करून घेतला, आणि खरंच, मुलं त्याला धरून आपापली उभी राहायला लागली. तेव्हा ती मुलगी अगदीच पुस्तकी नव्हती, एवढं मी कबूल केलं. मनातल्या मनात.

प्रशिक्षणात एका गोष्टीवर मात्र मी हात वर केला. पुस्तकाबरोबर प्रत्येक मुलाची एक वही ठेवायची होती. खाणं, झोप, शी-शू, आणि शेवटचा रकाना, "आज नवीन काय केलं". रोज लिहायचं आणि संध्याकाळी आईची सही घ्यायची. मी विचारलं, "आणि पहिलं पाऊल आमच्याकडं पडलं तर?"

"तर सांगायचं. त्याच दिवशी."

"आईला वाईट वाटेल."

"वाटू द्या, मावशी. गोष्ट तिची आहे. तुम्ही ठेवून घेऊ नका."

हिला काय कळतंय, लग्न तरी झालंय का हिचं, असं मी परतीच्या गाडीत सगळ्यांना सांगितलं. वह्या आम्ही ठेवल्या. शेवटच्या रकान्यात आम्ही "टाळ्या वाजवल्या", "पोळीचे दोन घास खाल्ले" असलं लिहायचो. पहिल्या गोष्टी लिहायचो नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर जवळच्या औंढ्याहून एक मुलगी आपलं बाळ घेऊन आली. मुलगीच म्हणायची, बावीस-तेवीसची. माहेर पवनानगरकडचं, सासर तळेगावकडच्या सुदुंबऱ्याचं. नवरा सासरजवळच्या कारखान्यात कामाला, राहायला स्वतःच्या आईकडे, सुट्टीला इकडे येणार. हिला इथल्या मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात नोकरी होती आणि ती तिला सोडायची नव्हती. औंढ्यात एक खोली घेऊन ती बाळाबरोबर एकटी राहत होती. सकाळी जीपनं यायची, पोर माझ्या कडेवर द्यायची, संध्याकाळी सातला घेऊन जायची. तिच्या हातांना कायम साबणाचा वास असायचा आणि बोटांची कातडी सुटलेली असायची.

पोरगा दोन महिने आधी जन्माला आलेला. किरकोळ, मोठ्या कानांचा, आणि भलताच विचारी. खुळखुळा हातात दिला तर आधी उलटा करून बघायचा, मग वाजवायचा. उशिरा बसला, उशिरा रांगला. डॉक्टर म्हणत होते, आधी जन्मलाय, वेळ लागेल, काळजी करू नका. पण दीड वर्ष उलटलं तरी तो बाकाला धरून उभाच राहायचा. आमच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर कोणत्या महिन्यात काय, याचा तक्ता होता. तिनं एकदा तो उघडून बघितला आणि मिटून ठेवला. त्यानंतर रोज संध्याकाळी दारातूनच विचारायची, "मावशी, आज काय केलं का वो त्यानं?"

मी तिला धीर द्यायची. "आज-उद्यात चालंल बघ. पाय शिवशिवत्यात त्याचे." हे मी त्याचे पाय मुळीच शिवशिवत नव्हते तेव्हाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. म्हणून खरी वेळ आली तेव्हा माझ्या त्या शब्दांत तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

तो गुरुवार होता. आदल्याच दिवशी तिची सुट्टी होऊन गेली होती. दुपारची पेज झाली होती, बाकीची मुलं झोपली होती, आणि तो बाकाला धरून उभा होता. मी समोर भिंतीला टेकून लंगोटांच्या घड्या घालत होते. त्यानं बाक सोडला. एक पाऊल टाकलं, थांबला, खाली फरशीकडे बघितलं, खुळखुळ्याकडे बघायचा तसं. मग दुसरं, तिसरं, चौथं, आणि माझ्या मांडीवर येऊन आदळला. तोंड माझ्या साडीत खुपसून हसत होता. मी त्याला कितीतरी वेळ तसाच धरून बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं. सोळा वर्षांत एवढी वाट कुठल्याच पावलांची बघितली नव्हती.

संध्याकाळी ती आली. "आज काय केलं का वो?"

"न्हाई गं. पन पाय शिवशिवत्यात. घरी ध्यान ठेव."

ती "व्हय मावशी" म्हणाली आणि न वाचता वहीवर सही केली. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "विशेष काही नाही".

मी वाट बघत होते बुधवारची. तिची सुट्टी, दिवसभर पोर घरी, कुठं तरी चालेलच की. एरवी संध्याकाळी घरी जाताना तो जीपमध्येच झोपायचा. खोली एवढीशी, खाली जमिनीवरच शेगडी, म्हणून ती त्याला खाली सोडायचीच नाही. हे सगळं मला माहीत होतं. आमच्याकडेही तो शुक्रवारी एकदा चालला, पडला, आणि मग तीन दिवस पुन्हा रांगतच राहिला. नवीन चालणारी मुलं तसंच करतात. मंगळवारी पुन्हा चालला, बाकापासून माझ्यापर्यंत, आणि मी पुन्हा लिहिलं, "विशेष काही नाही".

बुधवारी तिची सुट्टी रद्द झाली. जोडून सुट्ट्या आल्या होत्या आणि हॉटेल भरलं होतं. सकाळी ती पोर घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मला तिच्या हॉटेलचा राग आला. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण मी म्हटलं, एक आठवडा, पुढचा बुधवार आहेच. शुक्रवारी संध्याकाळी ती पोराला घेऊन निघाली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मावशी, खरं सांगा. एक तरी पाऊल टाकलं का त्यानं? एक तरी?"

असं तिनं कधी विचारलं नव्हतं. मला ते कळायला हवं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "न्हाई गं बाय. पन टाकंल. तूच बघशील पयल्यांदा."

शनिवारी ती आली नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. मला वाटलं पोर तापलं असेल. फोन केला तर उचलला नाही. बुधवारी सकाळी ती एकटीच आली, त्याची गोधडी आणि वाटी-चमचा न्यायला.

सासूनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. येत्या शनिवारपर्यंत पोर चाललं नाही तर मी त्याला गावी नेणार. पाळणाघरात दिवसभर झोळीत टाकून ठेवतात, म्हणून पोराच्या पायांत जोर नाही, असं सासूचं म्हणणं. शनिवारी नवरा आणि सासू आले आणि घेऊन गेले. मी म्हटलं, "अगं, मग मला का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू? तुमच्या पाळनाघराला नावं ठेवत होत्या त्या. तुमाला वाईट वाटलं आसतं."

मी तिच्यासाठी गप्प बसले होते आणि ती माझ्यासाठी. ती बोलत राहिली, भिंतीकडे बघून.

"सोमवारी चालला तो. तितं. नवऱ्यानं फोनवर दाखवला, अंगनात चालताना. दोन दिसांत चालवला त्यांनी. माज्याकडं दीड वरीस नुसता बसला. आता त्या म्हनत्यात, पोर हितंच ऱ्हाऊ दे. आन नवरा पन म्हनतोय. मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू? माज्यातच काय तरी कमी आसंल."

हे ऐकून गप्प बसता येईना. सांगितलं तर माझ्यामुळे तिचं पोर गेलं हे तिला कळणार होतं. नाही सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला कमी समजणार होती. मी सांगितलं. गुरुवार, दुपारची पेज, बाक, चार पावलं.

ती बोटांवर दिवस मोजायला लागली. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मी शुक्रवारी इचारलं तवा..."

"व्हय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्यासारखीनं कानाखाली तरी वाजवली असती. ती फक्त गोधडीची घडी मोडत आणि पुन्हा घालत बसली. मग म्हणाली, "वही द्या. आन तुमी संगं चला. तुमी सांगा त्यास्नी."

पुढच्या बुधवारी आम्ही दोघी सुदुंबऱ्याला गेलो. सासूचं घर नीटनेटकं, अंगण सारवलेलं, दारात नवऱ्याची मोटरसायकल. पोरगा अंगणात चालत होता. चांगला चालत होता, हात पसरून, एका कोंबडीच्या मागे. गालांवर मांस आलं होतं. आईला बघून तो थबकला, हसला, आणि वळून आजीच्या लुगड्याला जाऊन बिलगला. पंधरा दिवसही झाले नव्हते. ती उंबऱ्याजवळ तशीच खाली बसली आणि हात पुढं केले. बऱ्याच वेळानं तो आला.

मी सासूला वाईट बाई समजून भांडायच्या तयारीनं गेले होते. ती तशी नव्हती. तिनं पाणी दिलं, चहा दिला, माझं सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं. "आजी, देवाशपथ सांगते, तुमचा नातू तुमच्याकडं यायच्या आधीच चालला होता. माझ्या डोळ्यांदेखत," मी म्हणाले. "ह्या पोरीचं काही चुकलं न्हाई. आणि झोळीत आम्ही कुणाला टाकून ठेवत न्हाई."

"वही हाय न्हवं तुमच्याकडं?" सासू म्हणाली. "वाच रं."

नवऱ्यानं वही घेतली. तो गुरुवार काढला आणि मोठ्यानं वाचलं, "विशेष काही नाही." शुक्रवार, "विशेष काही नाही." मंगळवार. एकेक दिवस वाचत गेला. प्रत्येक ओळ माझ्या अक्षरातली आणि प्रत्येक ओळीखाली त्याच्या बायकोची सही. तो रागानं वाचत नव्हता. त्यालाही काहीतरी वेगळं सापडावं असं वाटत असावं, कारण शेवटचं पान त्यानं दोनदा उलटून बघितलं.

"बाई," सासू म्हणाली, "तवा तुमी लिवलं, न्हाई चालला. आता सूनबाईनं संगं आनलं म्हून म्हनताय, व्हय, चालला. मी कंचं खरं धरू?"

आईच्या आनंदासाठी आम्ही खोटं लिहितो, सगळ्याच मुलांचं लिहितो, असं सांगायला गेले आणि अर्ध्यात थांबले. ते ऐकून कुणी आपलं पोर परत आमच्याकडे धाडलं असतं? मी सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाकडे दुसऱ्याच्या अंगणातून बघत होते आणि मला ते चांगलं दिसत नव्हतं.

शेवटी सासूनंच निकाल दिला. पोर इथं रुळलंय, तीन वर्षांचं होईपर्यंत इथंच राहू दे, तू सुट्टीला येत जा, नोकरी कर, कोण नको म्हणतंय. पोराच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं. तो वही मिटून तिच्या हातात देत होता.

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. पोरगा आजीच्या कडेवरून हात हलवत होता, त्याला तो खेळ वाटत होता. तळेगावपर्यंत आम्ही जीपनं आलो. तिथून लोणावळ्याची एस.टी. मिळाली, बसायलाही मिळालं. गाडी कामशेतच्या पुढं आली तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मावशी, पडला का तो? त्या दिशी?"

"न्हाई. पडला न्हाई."

"हसला?"

"लय हसला."

"मधी थांबला आसंल. तो थांबतो."

"एका पावलानंतर थांबला. फरशीकडं बघितलं. मग पुढची तीन टाकली."

तिनं ते ऐकून डोळे मिटले. ती ते बघत होती हे मला कळत होतं, आणि मला जेवढं सांगता येईल तेवढं सांगावंसं वाटत होतं. त्याच्या अंगात निळं झबलं होतं, तोंडाला पेज लागलेली होती, डाव्या पायाचा अंगठा वर उचलून चालत होता. मी सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "आन गेला कुणाकडं?"

दाराकडं, असं अगदी जिभेवर आलं होतं. तू रोज येतेस त्या दाराकडं गेला बघ, असं म्हटलं असतं तर तिनं ते मानलं असतं, आणि तेवढं तरी तिच्याजवळ राहिलं असतं. माझ्यासारखीला ते सहज जमलं असतं. पण आता मला एक गोष्ट स्वतःशीही लपवता येत नव्हती. त्या गुरुवारी मी फक्त तिच्यासाठी गप्प बसले नव्हते. तो माझ्या मांडीवर आदळला होता, आणि ते मला कुणालाच द्यायचं नव्हतं.

"माझ्याकडं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मांडीवरची पिशवी उचलली, उठली, आणि दोन रांगा पुढं एक रिकामी जागा होती, तिथं जाऊन बसली.